तिसरं वेटाळ

१

रोज सकाळी केंद्रात आल्यावर माझं पहिलं काम हजेरी घेण्याचं. माणसांची नव्हे, फोनांची.

पांढरकवड्यात बाजाराच्या मागच्या अंगाला कापसाचं एक बंद पडलेलं जिनिंग होतं. त्याच्या ऑफिसच्या दोन खोल्या आमच्या संस्थेने भाड्याने घेतल्या होत्या. आदल्या साली बोंडअळी आली होती. उभ्या पऱ्हाटीत कापसाचं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी, आणि घराघरांत कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. बायांना मन मोकळं करायला जागा असावी म्हणून संस्थेने एक फोन नंबर काढला. दवाखान्यात, एसटी स्टँडवर, रेशनच्या दुकानात त्याचे कागद चिकटवले. बाया फोन करायच्या आणि आम्ही ऐकायचो. आधी चौघी होतो, मग दोघींनी काम सोडलं. उरलो मी आणि केंद्र चालवणाऱ्या विमलताई.

हे फोन कॉम्प्युटरच्या वायरीवर चालायचे. लाइट जाऊन आली की त्यातला एखादा मुका होऊन बसायचा. तिकडून कोणी बाई फोन लावत असली तरी आपल्याला पत्ताच नाही. म्हणून यवतमाळचा अतुल, ज्याने हे सगळं बसवलं होतं, त्याने मला हजेरी घ्यायला शिकवली. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं. मी त्याला म्हटलं, पुस्तकातलं सांगू नको, गावातलं काही सांग.

"मंग असं समजा ताई," तो म्हणाला, "हे वायरीचं जाळं म्हणजे एक गाव. गावात वेटाळं, म्हंजे मोहल्ले, असतात का नाही? तसं कॉम्प्युटरचं पहिलं वेटाळ, फोनचं दुसरं. पत्त्यातला तिसरा आकडा वेटाळाचा अन् शेवटचा घराचा. तुम्ही हाक मारायची. जो घरात असंन तो ओ देईन."

अडचण एवढीच होती, की ज्या वेटाळात आपलं घर नाही तिथे आपल्या हाकेला कोणी ओ देत नाही. म्हणून त्याने माझ्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाला दोन पत्ते दिले, एक पहिल्या वेटाळातला आणि एक दुसऱ्या. दोन्हीकडे घराचा आकडा सातच ठेवला, मला लक्षात राहावा म्हणून. जास्तीचा पत्ता कुठे टाकायचा तेही दाखवून ठेवलं. त्यानंतर मी रोज बटण दाबायची आणि पडद्यावर एकेक ओळ हिरवी व्हायची. चार फोन, चार ओळी.

मला ती हजेरी आवडायची. सगळी लेकरं घरी परतली असं वाटायचं.

२

आमचं काम म्हणजे काय, तर हुंकार देणं. लहानपणी बाबा गोष्ट सांगायचे आणि मधेच थांबायचे. आम्ही "हं" म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य निघायचं नाही. हुंकार नसला तर गोष्ट भिंतीला सांगितल्यासारखी होते, असं ते म्हणत. केंद्रात मी तेच करायची. सल्ला देत नव्हते, तेवढं माझं शिक्षणही नव्हतं. बाई बोलायची, मी "हं" म्हणायची, ती पुढे बोलायची.

दसऱ्याच्या सुमाराला राळेगावकडच्या एका म्हातारीचा फोन आला. सुनेची गाऱ्हाणी सांगता सांगता ती थांबली आणि विचारू लागली, तुम्ही दोघी दोघी काहून ऐकून राह्यल्या? मी एकटीच आहे म्हटलं. नाही म्हणाली, एक तुम्ही आणि एक तुमच्यासारखीच. मग हसली. "तुमच्यापरीस ते बरं ऐकते जी. तुमचं अर्धं ध्यान घड्याळाकडं राह्यते."

मीही हसले. पण फोन ठेवल्यावर हसू राहिलं नाही, कारण मलाही ते ऐकू आलं होतं. माझ्या हुंकाराच्या जोडीला आणखी एक हुंकार, अगदी माझ्या आवाजातला.

अतुलला कळवलं. नव्या फोनांवर आवाज घुमतो, तो म्हणाला, काळजी करू नका. मी मान्य केलं. मला यातलं काय कळतं? तरी एक गोष्ट मनातून जाईना. आवाज घुमला तर आपण बोलल्यानंतर परत येतो. हा माझ्या आधी यायचा. मी "हं" म्हणायला तोंड उघडायची आणि ते म्हणून झालेलं असायचं.

हळूहळू मी गप्प राहून पाहू लागले. बाई बोलत राहायची. हुंकार मिळत राहायचा. माझी गरज पडायची नाही.

३

नलूचे फोन उन्हाळ्यापासून यायचे. आमच्याकडे नाव विचारायचं नाही असा नियम होता, तिने ते आपणहून सांगितलं. नवरा वारलेला. पंधरा वर्षांची एक मुलगी, अपेक्षा. दिराने त्या पोरीचं लग्न परस्पर एका चाळिशीच्या माणसाशी ठरवलं होतं. नलूने विरोध केला तेव्हा त्याने दोघींना कोंडून ठेवलं. एका दुपारी त्या निसटल्या.

निसटल्यावर तिने मला पहिला फोन केला. पुसदकडे एका नातेवाइणीकडे आहोत, असं सांगून ती पुढे गावाचं नाव घेणार होती. मी तिला अडवलं.

"पुढं सांगू नको नलू. मले माहीतच नसलं तं माह्या तोंडून कधी जाणार नाही."

हा विमलताईंनी शिकवलेला नियम. ऐकणारीला जेवढं कमी माहीत तेवढी सांगणारी सुरक्षित. नलूने ते ऐकलं आणि म्हणाली, आईनंही माह्यासाठी एवढा इचार केला नाही. आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. तरी मला ती धाकट्या बहिणीसारखी होऊन बसली होती.

एका सोमवारी तिचा फोन आला तो खुशीत. काल तुम्ही एवढा वेळ बोलल्या, मले लय हलकं वाटलं, म्हणाली.

काल रविवार होता. रविवारी केंद्राला कुलूप असतं.

मी सावकाश विचारलं, काय बोललो आपण? ती सांगू लागली. अपेक्षाच्या शाळेचं बोललो. तुमच्या गुडघ्याचं बोललो. मग तुम्ही इचारलं घर कोणत्या गावात हाय, मारुतीच्या पाराकडून कसं यायचं, दार कोण्या अंगाले. मी सारं सांगतलं.

माझा गुडघा दुखतो हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

मी तिला म्हटलं ती मी नव्हते. आजच्या आज पोरीला घेऊन दुसरीकडे जा. पलीकडून तिचा सुस्कारा आला. माझ्या ऐवजी कोणीतरी तिला मायेने "हं" म्हटलं.

"काल म्हणता घाबरू नोको, इथंच राह्य. आज म्हणता इथून पय," नलू म्हणाली. "ताई, तुमचं मन ठिकाणावर नाही आज." आणि तिने फोन ठेवला.

४

विमलताईंनी मला या कामाला लावलं होतं. मी माहेरी येऊन पडले तेव्हा भावजय रोज भाकरीबरोबर टोमणा वाढायची. त्या वेळी विमलताई दारात आल्या आणि माझ्या भावाला म्हणाल्या, हिचा आवाज चांगला आहे, मला दे. माझ्यातलं काही चांगलं आहे असं म्हणणारं ते पहिलं माणूस. थोरल्या बहिणीच्या जागी मी त्यांना मानत होते.

मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा त्या सीताफळ खात होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी बिया एकेक करून ताटलीत टाकल्या. कोणी केला असेल फोन, असं त्यांनी विचारलं नाही. तुला भास झाला असेल, असंही म्हणाल्या नाहीत.

"तिनं तुह्यावर इश्वास ठेवला ना? मंग झालं तं," एवढंच म्हणाल्या.

त्या दचकल्या नाहीत. मी माझ्या जागेवर येऊन बसले आणि तेच मनात घोळत राहिलं. वाईट बातमी पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा चेहरा मला ठाऊक आहे, फोनवरसुद्धा तो ऐकू येतो. विमलताईंचा चेहरा तसा नव्हता.

दुपारी त्या जेवायला घरी गेल्या. मी हजेरी घेतली. चार ओळी. मग मला वाटलं, पहिलं वेटाळ आहे, दुसरं आहे, तिसरं असलं तर? तिथे माझं घर नाही. मी कितीही हाका मारल्या तरी मला तिथलं कोणी ओ देणार नाही.

मी अतुलने दाखवलेली जागा उघडली. कार्डाला एक जास्तीचा पत्ता द्यायला घेतला. वेटाळ तिसरं, घर सवयीने सात. कॉम्प्युटरने तो घेतला नाही. हा पत्ता अगोदरच दुसऱ्याकडे आहे, असा निरोप आला.

मी सातच्या जागी आठ टाकला. तो घेतला गेला. मी हाक मारली. पडदा बराच वेळ कोरा राहिला आणि मग एक ओळ हिरवी झाली. घर सात. नावाच्या जागी माझ्या कॉम्प्युटरचं असतं तेच नाव होतं. दीपमाला, म्हणजे माझंच.

एखादा फोन चुकून दोनदा दिसत असेल, मी स्वतःला समजावलं. उठून चारही फोनांच्या वायरी उपटल्या. पुन्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या वेटाळात हाक मारली. फोनचं वेटाळ ओस पडलं होतं. तिसऱ्यात घर सात हिरवंच होतं.

मी माझ्या मोबाइलवरून अतुलला फोन लावला. त्याने आधी विषय बदलून पाहिला. मी सोडलं नाही तेव्हा म्हणाला, विमलताईंनी सांगू नका म्हटलं होतं. संध्याकाळी केंद्र बंद झाल्यावर आलेले फोन निदान वाजत राहावेत म्हणून त्यांनी एक जास्तीचा फोन मागच्या कोठीत बसवून घेतला होता. तुमच्या हजेरीत दिसू नये म्हणून त्याला वेगळ्या वेटाळात टाकलं.

"माह्यापासून लपवायले?"

"मले सांगतलं तसं केलं ताई. तुम्हाले समजलं तं तुम्ही सांजच्याले घरी जाणार नाही, असं म्हणत होत्या त्या." मग त्याचा आवाज खाली आला. "पण तुम्हाले आता कोणं ओ देली? तो फोन तं मी पोळ्याच्या आधीच काढून आणला. माह्या टेबलावर पडला हाय. इथं, यवतमाळले."

५

वायरींच्या डब्यातून चार वायरी आमच्या टेबलांकडे जात होत्या, एक माझ्या कॉम्प्युटरकडे आणि एक विमलताईंच्या. आणखी एक कपाटामागे शिरत होती. ती मी रोज झाडताना पाहिली असेल, पण कुठे जाते हे कधी विचारलं नव्हतं. मी तिच्या मागे मागे गेले. भिंतीतून ती बाहेर पडून जिनिंगच्या अंगणात, सरकी काढलेला कापूस म्हणजे रुई साठवायच्या कोठीत गेली होती. कोठीच्या दाराला कुलूप होतं, पण दार एका बिजागरीवर झुकलेलं. मधे चार बोटं फट होती.

ऊन डोक्यावर होतं. अंगणात सरकीचा जुना तेलकट वास. आधी मला वाटलं आत पारवे घुमत आहेत.

"हं," आतून आलं. थोड्या वेळाने पुन्हा, "हं."

माझा आवाज मी कधी बाहेरून ऐकला नव्हता. तो इतका मायाळू असेल असं मला वाटलं नव्हतं. ऐकता ऐकता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, कोणाला तरी सगळं सांगून टाकावंसं वाटलं. मग तो आवाज म्हणाला, "हं, माय. अन् पोरगी कोण्या खोलीत झोपते?"

मी फटीला डोळा लावला.

वरचा एक पत्रा उडालेला होता, तिथून उजेडाचा चौकोन पडला होता. चौकोनाच्या कडेला खुर्ची, आणि खुर्चीत पाठमोरं कोणीतरी बसलेलं. डोकं डाव्या खांद्यावर कलवलेलं. मी फोन खांद्यात धरते तेव्हा माझं कलतं तेवढंच. डोक्यापासून खाली सगळ्या अंगावर रुईचा थर होता. श्वास घेणाऱ्या माणसाच्या अंगावरची रुई हलते. ती हलत नव्हती. वायर जमिनीवरून खुर्चीपर्यंत गेली होती आणि पदराखाली शिरली होती. हातात फोन नव्हता.

"तिथून सर दीपा. ते बोलून राह्यली."

विमलताई माझ्या मागे उभ्या होत्या. कोठीची किल्ली त्यांच्या हातात होती. त्या ओरडल्या नाहीत. दवाखान्यात पेशंट झोपला असताना बोलतात तसं बोलल्या.

मी विचारलं, अतुलने फोन काढून नेला ना? नेला, त्या म्हणाल्या, मीच न्यायला लावला. वाटलं, हे बोलणं थांबंन. बसवला तवा पहिल्यांदा तं नुसता वाजत होता. मंग एक दिवस वाजायचा बंद झाला. म्या समजलं तूच उचलून राह्यली, घरी न जाता.

"तिनं नलूले पत्ता इचारला."

"आधी इचारत नव्हती."

"सांगतला कोणाले?"

विमलताईंनी फाटकाकडे पाहिलं. "ज्यानं फोन केला त्याले. नंबर तं आपण साऱ्या गावाईत चिकटवला. तिचा दीर बी करते फोन. त्याचंही तितक्याच मायेनं ऐकते ते."

"तुम्हाले हे माहीत होतं. अन् मले नियम शिकवत होत्या."

"तू सांजच्याले घरी जाते. त्या बायांचं त्याच्यानंतर कोण ऐकन?" त्यांना खरंच माझी समजूत काढायची होती, हे मला अजून विसरता येत नाही. "तुह्याच आवाजात बोलते ते, दीपा. म्हणून मले वाटलं, वाईट काही व्हणार नाही."

आतला आवाज थांबला होता. मी पुन्हा फटीतून पाहिलं. खुर्ची होती, वायर होती. खुर्चीच्या बैठकीवरची रुई दबलेली होती आणि हळूहळू फुगून वर येत होती.

६

नलूचा फोन संध्याकाळपर्यंत व्यस्त लागत राहिला. तिच्याशी कोण बोलत होतं ते मला माहीत होतं.

मी पोलीस चौकीत गेले. तिथला माणूस भला होता, खुर्ची दिली. पत्ता सांगा म्हणाला, पुसदला कळवतो. मी म्हटलं, पुसदकडे कुठेतरी. मारुतीचा पार आहे. तो म्हणाला, बाई, पार नसलेलं गाव दाखवा. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्या पोरीचा ठाव जिला माहीत नव्हता अशी मीच एकटी उरले होते. दिराला माहीत होता. कोठीतल्या तिला माहीत होता. मी मात्र मन लावून नियम पाळला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन स्टँडवर आले. पुसदला जायचं आणि गावोगाव विचारत फिरायचं, याहून वेगळं काही सुचलं नव्हतं. गाडी लागली नव्हती. मी पुन्हा फोन लावला आणि या वेळी तो लागला.

"नलू, मी दीपाताई. फोन ठेवू नोको."

"ताईनं सांगतलंच होतं," नलू म्हणाली. तिचा आवाज माझ्याशी कधी इतका कोरडा नव्हता. "म्हणे माह्या आवाजात कोणी तुले फोन करन. घर सोड म्हणन. तिचं ऐकू नोको."

मी म्हटलं, मीच ती. तुझ्या नवऱ्याचं मी ऐकलं, अपेक्षाच्या तापाचं ऐकलं, तू पळालीस त्या दिवसाचं ऐकलं. तेही सगळं ताईंना माहीत आहे, ती म्हणाली. आमच्या दोघींतलंच काहीतरी सांगून तिला पटवावं म्हणून मी आठवून आठवून पाहिलं. आमच्यात असं एकही वाक्य नव्हतं जे त्या वायरीवरून गेलं नव्हतं.

"नलू, तुह्या पाया पडतो. पोरीले घेऊन मागच्या दारानं निंघ."

"तुम्ही कोण व्हा ते मले माहीत नाही बाई," ती म्हणाली, "पण ताईसारखं बोलता तं निदान ताईसारखं वागा."

तेवढ्यात तिच्याकडे कडी वाजली. अपेक्षाच्या पायांचा आवाज आला, मग तिचा. आई, दारातली बाई म्हणते, ताई आल्या.

नलूने फोन बंदही केला नाही, नुसता कुठेतरी ठेवला. मी तिचं नाव घेत राहिले. स्टँडवरची माणसं माझ्याकडे पाहू लागली. तिकडे दाराचा अडसर निघाला. चपला काढल्याचा आवाज आला, एक जोड आणि मागून दुसरी, जड. कोण्या पुरुषाने घसा खाकरला.

मग माझा आवाज, अगदी मायेने, म्हणाला, "पाणी आण वं माय. आम्ही दोघं लय दुरून आलो."